प्लगइन का अडखळतात : तडतडणाऱ्या आवाजामागची तीस वर्षे

प्लगइन, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे किंवा वाद्य वाजवणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, वापरून घरच्या स्टुडिओत संगीत करणाऱ्यांना कधी ना कधी हा अनुभव येतोच. टास्क मॅनेजर सीपीयूचा वापर जेमतेम ३५ टक्के दाखवत असतो, निम्मी रॅम मोकळी असते, आणि तरीही मुखडा संपून अंतरा सुरू होताना आवाज तडतडतो किंवा क्षणभर तुटतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी बफर वाढवायला सांगतो, कोणी वाय-फाय बंद करायला, कोणी पॉवर प्लॅन बदलायला, कोणी हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एका कोअरला, म्हणजे स्वतंत्र गणन-भागाला, दोनसारखे वागवणे) बंद करायला, तर कोणी ट्रॅक फ्रीझ करायला. यांतला प्रत्येक सल्ला एका विशिष्ट काळात, विशिष्ट यंत्रांवरच्या खऱ्या अडचणीतून निघालेला आहे. ती अडचण कोणती होती हे ठाऊक असेल, तर आपल्या यंत्राला तो सल्ला लागू पडतो का हे ठरवता येते. ठाऊक नसेल, तर एकामागून एक उपाय करून पाहण्यात रेकॉर्डिंगची अख्खी संध्याकाळ निघून जाते आणि गायकाचा लागलेला गळा उतरतो.

आधी मुदतीचा हिशेब मांडायला हवा. आवाज ४४,१०० हर्ट्झवर चालत असेल तर दर सेकंदाला तेवढे सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे, लागतात, आणि ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारे-आणणारे उपकरण) ते एकेक न मागता गठ्ठ्याने मागतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात हवेतला आवाज साधारण एक मीटर अंतर कापतो. या अवधीत सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइननी आपापले गणित उरकून पुढचा गठ्ठा हजर करायचा असतो. काम २.८ मिलिसेकंदांत झाले तर कोणाला काही कळतही नाही, आणि ३ मिलिसेकंद लागले तर इंटरफेसला रिकामा गठ्ठा मिळतो व कानाला तडतड ऐकू येते. टास्क मॅनेजर दाखवतो ती बऱ्याच मोठ्या कालखंडाची आणि सगळ्या कोअरची मिळून सरासरी असते, मुदत मात्र प्रत्येक गठ्ठ्याची वेगळी असते. दिवसभरात धावलेल्या गाड्यांची सरासरी वेळ पाहून आपली एक गाडी वेळेवर आली की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे.

ही मुदत पाळण्याचे काम सुरुवातीला संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडे नव्हतेच. डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये साउंड टूल्स आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स या ध्वनिमुद्रण-प्रणाली आणल्या, तेव्हा आवाजाचे गणित वेगळ्या कार्डावरच्या चिप करत असत. प्रो टूल्सच्या १९९४ च्या टीडीएम पद्धतीतही मोटोरोलाच्या ५६००० मालिकेतील चिपवरच प्लगइन चालत. कोणत्या प्लगइनला चिपवर किती जागा आणि किती वेळ लागणार हे आधीच मोजलेले असे. जागा उरली नसेल तर नवे प्लगइन उघडतच नसे. पण जे उघडले ते शेवटपर्यंत बिनबोभाट चाले. ही व्यवस्था महाग होती, मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी होती, परंतु ‘कधी चालते, कधी अडखळते’ हा प्रकार तिच्यात जवळजवळ नव्हता.

तो आला १९९६ मध्ये. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने पॉवर मॅकिंटॉशसाठी क्युबेस व्हीएसटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर काढले. त्यासोबत एस्पासियल नावाचा रिव्हर्ब (आवाज घुमण्याचा परिणाम), कॉयरस, स्टिरिओ एको आणि ऑटो-पॅनर असे चार प्लगइन होते, आणि ते कोणत्याही खास कार्डाविना, संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालत. शिवाय प्लगइन लिहिण्याची पद्धत कंपनीने इतरांसाठी खुली केली. व्हीएसटी या पद्धतीच्या १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीने मिडी संदेश (कोणता सूर कधी वाजवायचा हे सांगणारे) प्लगइनपर्यंत पोचू लागले आणि वाद्येसुद्धा प्लगइन झाली. माझ्या मते ध्वनिमुद्रणाच्या लोकशाहीकरणातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे. आज पुण्या-कोल्हापुरातल्या एखाद्या खोलीत पूर्ण गाणे तयार होऊ शकते ते याच निर्णयामुळे. पण त्याच निर्णयाने आवाजाचे गणित अशा प्रोसेसरवर आणून ठेवले, जो त्याच वेळी माऊस हलवत असतो, डिस्क वाचत असतो आणि नेटवर्कला उत्तरे देत असतो. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या शेजारात आहे.

पहिली अडचण उशिराची होती. त्या काळच्या विंडोजमध्ये आवाज प्रणालीच्या मधल्या थरांतून जाई, आणि विंडोज ९८ पासून आलेला, सगळे आवाज एकत्र करणारा केमिक्सर नावाचा थर तर एकटाच सुमारे ३० मिलिसेकंद खाई. तबलावादकाने ‘धा’ वाजवावा आणि हेडफोनमध्ये तो एवढ्या उशिराने यावा, तर ठेका धरताच येत नाही. वादक नकळत स्वतःचीच वाट पाहू लागतो आणि लय मागे पडते. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या एएसआयओ या ड्रायव्हर-पद्धतीने असे थर टाळून प्रोग्रॅमला थेट इंटरफेसच्या ड्रायव्हरशी जोडले. मॅकवर कोअर ऑडिओने हेच काम २००१ पासून प्रणालीच्या गाभ्यातच करून ठेवले. बफरचा आकडा वापरणाऱ्याच्या हाती आला तो एएसआयओमुळेच. ‘रेकॉर्डिंगला बफर लहान ठेवा, मिक्सिंगला मोठा करा’ हा नियम तेव्हापासूनचा आहे आणि तो अजूनही तितकाच खरा आहे, कारण मिक्सिंगच्या वेळी कोणीही वाजवत नसते आणि १,०२४ सॅम्पलचा उशीर कोणालाही टोचत नाही.

दुसरी अडचण विलक्षण होती आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. गाणे संपते, प्लेबॅक चालूच असतो, सगळे शांत होते आणि शांततेतच सीपीयूचा काटा अचानक वर चढतो. पेन्टियम ४ च्या काळात हा अनुभव अनेकांनी घेतला. कारण रिव्हर्बच्या रचनेत आहे. रिव्हर्बमध्ये आवाज पुन्हा पुन्हा फिरतो आणि दर फेरीला थोडा क्षीण होतो, पण गुणाकाराने शून्य कधीच होत नाही. ३२ बिटांच्या दशांश संख्येत नेहमीच्या पद्धतीने मांडता येणारी सर्वांत लहान संख्या साधारण १.२ भागिले १० चा ३८ वा घात एवढी असते. डेसिबलच्या भाषेत ही पातळी उणे ७५८ च्या आसपास येते. सीडीचा आवाका उणे ९६ पर्यंतच असतो, यावरून ती किती खोल आहे याची कल्पना यावी. दोन सेकंदांत ६० डेसिबल उतरणारा रिव्हर्ब घेतला, तर गाणे संपल्यावर साधारण २५ सेकंदांनी तो तिथे पोचतो. त्याहून लहान संख्यांना डीनॉर्मल म्हणतात. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने गणिताच्या अचूकतेसाठी त्यांना जागा दिली, ती योग्यच होती. पण त्या काळच्या प्रोसेसरांत अशा संख्यांचा हिशेब वेगळ्या, संथ वाटेने होई आणि एकेका क्रियेला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागे. म्हणजे कोणालाही ऐकू न येणाऱ्या आवाजासाठी संगणक घाम गाळत होता. प्लगइन लिहिणाऱ्यांनी सिग्नलमध्ये ऐकू न येणारा सूक्ष्म गोंगाट मिसळून यावर मात केली. पुढे प्रोसेसरमधीलच एक सोय वापरून अशा संख्यांना सरळ शून्य धरण्याची पद्धत रुळली. आजच्या नीट लिहिलेल्या प्लगइनमध्ये हा दोष सापडत नाही. परंतु एखादे जुने, मोफत मिळालेले प्लगइन शांततेतच जड होत असेल, तर संशय प्रथम इकडे जावा.

२००४ पर्यंत एक भरवसा असे : यंदा अडखळणारा प्रोजेक्ट दोन वर्षांनी नव्या यंत्रावर सुरळीत चालेल. त्या वर्षी इंटेलचा पेन्टियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर येऊन थांबला आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत उष्णतेपायी सोडून द्यावा लागला. २००५ पासून वेगाऐवजी कोअरची संख्या वाढू लागली. छायाचित्रे किंवा व्हिडिओ यांचे काम तुकड्यांत वाटता येते, पण आवाजाची साखळी तशी वाटता येत नाही. एका ट्रॅकवर इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग सॅच्युरेशन असेल, तर कॉम्प्रेसरला इक्वलायझरचे उत्तर हाती येईपर्यंत थांबावेच लागते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जाऊ शकतात. मात्र सगळे ट्रॅक एका बसमध्ये (सामाईक वाहिनीत) आणि शेवटी मास्टरवर (अंतिम वाहिनीवर) येतात, तेव्हा तिथली पाच-सहा जड प्लगइन एकाच कोअरच्या वाट्याला येतात. आठांपैकी एक कोअर १०० टक्के आणि बाकी सात रिकामे, म्हणजे सरासरी सुमारे १२ टक्के, आणि आवाज मात्र तुटतो. सुरुवातीला सांगितलेल्या ३५ टक्क्यांच्या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. लॉजिक या क्युबेससारख्या प्रोग्रॅममध्ये कोअरनिहाय पट्ट्या दिसतात आणि तशाच रीपर या प्रोग्रॅमच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये ट्रॅकनिहाय भार दिसतो, म्हणून निदानासाठी टास्क मॅनेजरपेक्षा हे मीटर पाहावेत.

याच काळात भार आधीच उरकून ठेवण्याच्या युक्त्या आल्या. २००३ च्या सुमारास लॉजिकने ट्रॅक फ्रीझ करण्याची, म्हणजे प्लगइनसह त्याचा आवाज आधीच मुद्रित करून ठेवण्याची, सोय दिली. रीपर आधीच मुद्रित झालेल्या ट्रॅकचे गणित मुदतीच्या पुढे जाऊन करून ठेवतो, आणि क्युबेसच्या एएसआयओ-गार्डचे तत्त्वही तेच आहे. मात्र जो ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज आहे त्याचे पुढचे सूर कोणालाच ठाऊक नसतात, त्यामुळे त्याला ही सवलत मिळत नाही. रेकॉर्डचे बटण काढताच तडतड थांबते, याचे कारण बहुधा हेच असते.

लॅपटॉप स्टुडिओत आला आणि दोषाची जागा प्लगइनच्या बाहेर सरकली. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर काम नसताना वेग उतरवतो, कोअर झोपवतो आणि काम आले की जागे करतो. आवाजाचे काम मात्र दर तीन मिलिसेकंदांनी थोडेथोडे येत असते, त्यामुळे प्रोसेसरला ते पुरेसे जड वाटतच नाही. पॉवर प्लॅन बदलण्याचा सल्ला इथून आला. याहून त्रासदायक गोष्ट ड्रायव्हरची आहे. विंडोजमध्ये हार्डवेअरच्या ड्रायव्हरांचे पुढे ढकललेले काम डीपीसी या नावाने ओळखले जाते आणि ते कोणत्याही साध्या प्रोग्रॅमच्या आधी केले जाते. वाय-फायच्या ड्रायव्हरने दोन मिलिसेकंद घेतले, तर ४८,००० हर्ट्झवरचा ६४ सॅम्पलचा, म्हणजे १.३३ मिलिसेकंदांचा बफर चुकणारच. तिथे प्लगइन एकही नसले तरी चुकेल.

माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये ठरावीक अंतराने एक बारीक ‘टक’ येत असे. तानपुऱ्याच्या अखंड सुरात तो स्पष्ट दिसून यायचा, हार्मोनियम सुरू झाली की लपायचा. प्लगइन एकेक करून काढले, शेवटी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये नुसता तानपुरा ठेवला, तरी तो तसाच. लेटन्सीमॉन हे ड्रायव्हरांचा उशीर मोजणारे साधन लावल्यावर दिसले की बॅटरी किती उरली हे विचारणारा ड्रायव्हर दर खेपेला प्रोसेसर अडवून धरत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती नोंद बंद केली आणि ‘टक’ कायमचा गेला. दोष नियमित अंतराने येत असेल आणि गाण्यातल्या गर्दीशी त्याचा संबंध नसेल, तर प्लगइनना दोष देण्याआधी ड्रायव्हर तपासावेत, हे मी तेव्हापासून पाळतो.

मेमरीचा प्रश्न जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. रॅम तुटपुंजी असे, म्हणून १९९८ च्या गिगासॅम्पलर या सॅम्पलरने (मुद्रित सुरांवरून वाद्य वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने) सुरांचा फक्त आरंभ रॅममध्ये ठेवून उरलेला भाग डिस्कवरून आणण्याची वाट काढली. पुढे रॅम वाढली तरी ३२ बिटांच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ गिगाबाइटच मिळत. ६४ बिट सार्वत्रिक झाल्यावर ती भिंत पडली. आजच्या सॅम्पल लायब्ररी मात्र अजूनही त्याच रीतीने चालतात, आणि म्हणूनच त्या जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवू नयेत.

प्लगइनही स्वतःहून जड होत गेली. १९९९ मध्ये सोनीचा कन्व्होल्युशन रिव्हर्ब स्वतंत्र यंत्र म्हणून आला आणि २००१ मध्ये अल्टिव्हर्बने तेच काम प्लगइनमध्ये आणले; सभागृहाचा खरा ठसा आवाजाला देणारे हे गणित लहान-मोठ्या तुकड्यांत करतात, आणि मोठ्या तुकड्याची पाळी आली की एखाद्याच बफरवर भार एकदम उसळू शकतो. जुन्या व्हॉल्व्ह आणि टेपची नक्कल करणाऱ्या प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग असते : आठपट निवडली की ४४,१०० चे ३,५२,८०० होतात आणि कामही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. अनेक प्लगइनमध्ये ही पट फक्त अंतिम बाउन्सच्या (पूर्ण गाणे फाइलमध्ये उतरवण्याच्या) वेळी वाढवण्याची सोय असते. ती असताना मिक्सिंगभर आठपट चालू ठेवणे हा निव्वळ अपव्यय आहे.

सगळे कोअर सारखेच असतात हे गृहीतक अगदी अलीकडे मोडले. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम१ मध्ये चार वेगवान आणि चार काटकसरी कोअर होते. इंटेलनेही २०२१ मध्ये बाराव्या पिढीत तशीच विभागणी केली. प्लगइनने स्वतःचे वेगळे थ्रेड (समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा) उघडले आणि ते काटकसरी कोअरवर जाऊन पडले, तर वेगवान कोअर त्यांची वाट पाहत बसतो व मुदत चुकते. ॲपलने त्यावर असे थ्रेड एकाच मुदतीला बांधण्याची सोय दिली, पण ती प्लगइन लिहिणाऱ्याने वापरावी लागते. त्यामुळे पूर्वी फायद्याची वाटणारी, सॅम्पलरमधली ‘मल्टिकोअर’ची खूण आज मुख्य प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वाटणीत अडथळा आणू शकते, आणि नव्या यंत्रावर जुना प्रोजेक्ट अडखळला तर ती काढून तोच भाग पुन्हा वाजवून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे.