सर्चलाइटच्या आरशांपासून हानलेपर्यंत

लडाखमधल्या हानले इथे ४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मेस’ दुर्बिणीचं उद्घाटन झालं. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंची आणि २१ मीटर व्यासाची तबकडी. गॅमा किरणांचा, म्हणजे अतिशय जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा, हवेत उमटणाऱ्या चमकेवरून वेध घेणारी ही आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण, आणि जगातली सर्वांत उंचावरची. तिची मुळं मात्र मुंबईत आहेत, आणि बरीच खोल आहेत.

१९१२ मध्ये शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले, तेव्हा किरणोत्सार उंचीबरोबर वाढत जातो हे त्यांना दिसलं. म्हणजे तो जमिनीतून नव्हे, आकाशातून येत होता. हेच वैश्विक किरण. आपण होमी भाभांना अणुशक्तीसाठी ओळखतो, पण माझ्या मते ते आधी वैश्विक किरणांचे शास्त्रज्ञ. वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की एकातून दोन, दोनातून चार असा कणांचा वर्षाव कसा होतो, याचं गणित त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडलं. पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. बंगळूरमध्ये सुरू झालेलं तिचं काम त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आलं, आणि वैश्विक किरण हा तिचा पहिल्यापासूनचा विषय राहिला.

पुढची सगळी कहाणी त्या वर्षावावरच उभी आहे. गॅमा किरण हवेत शिरला की असाच वर्षाव सुरू होतो; तो स्वतः जमिनीपर्यंत पोचत नाही. पण त्याच्यापासून निघालेले कण हवेत प्रकाशाच्या हवेतल्या वेगापेक्षाही जोरात धावतात आणि निळसर चमक सोडतात. ती टिकते जेमतेम काही नॅनोसेकंद. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये गॅलब्रेथ आणि जेली यांनी ती पहिल्यांदा टिपली. त्यांचं उपकरण काय होतं? कचऱ्याच्या डब्यात बसवलेला एक छोटा आरसा आणि एक प्रकाशग्राही नळी.

आपल्याकडची सुरुवातही अशीच साधी होती, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणारे तारे, सापडल्यावर लगेचच, १९६९-७० च्या सुमारास, टाटा संस्थेच्या लोकांनी उटीला सर्चलाइटचे जुने आरसे आकाशाकडे वळवले. अशा कामाला चांदणं चालत नाही, ढग चालत नाहीत. अंधाऱ्या, स्वच्छ रात्रीच हाती लागायच्या. पुढे हे काम मध्य प्रदेशात पचमढीला गेलं. उटीनेही वैश्विक किरण सोडले नाहीत: तिथल्या ग्रेप्स-३ प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगात सुमारे १३० कोटी व्होल्टचा विद्युतदाब असल्याचं वैश्विक किरणांच्या वर्षावातल्या म्यूऑन नावाच्या कणांवरून दाखवून दिलं.

खरी अडचण होती ती गॅमा किरणांची चमक ओळखण्याची. वैश्विक किरणांतल्या प्रोटॉनच्या वर्षावातूनही तशीच चमक निघते, आणि असे वर्षाव गॅमा किरणांच्या कैक पट असतात. अमेरिकेतल्या व्हिपल वेधशाळेने चमकेचं चित्र घेऊन, तिच्या आकारावरून दोघांना वेगळं केलं आणि १९८९ मध्ये क्रॅब तेजोमेघाचे (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाचे) गॅमा किरण निर्विवाद पकडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ही रीत आधी माउंट अबूला ‘टॅक्टिक’ दुर्बिणीत वापरली.

हानले निवडलं ते उंचीसाठी. हवा जितकी विरळ आणि वर्षाव जितका जवळ, तितके कमी ऊर्जेचे गॅमा किरणही पकडता येतात. त्यासाठी ‘मेस’ला १,०८८ प्रकाशग्राही नळ्यांचा कॅमेरा आहे, आणि धातूच्या आरशांचे ३५६ फलक. त्यांच्यावर घुमट नाही. लडाखच्या थंडीवाऱ्यात ते उघड्यावरच उभे आहेत.