'प्रतिष्ठित' म्हणजे कोण? सीमाभागातल्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 6. बेळगावात हा अध्याय वाचला की आपल्याच गल्लीतली गोष्ट वाटते. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, रोजच्या अन्नवाटपातून ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जाऊ लागल्या, आणि हिब्रू बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर सुरू झाली. तक्रार भाकरीची, पण दुफळी भाषेची. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांनी, वाटप स्वतःकडे धरून ठेवलं नाही; सात माणसं तुम्हीच निवडा, असं लोकांना सांगितलं. निवडले गेले त्या सातही जणांची नावं ग्रीक. नावावरून पैज लावू नये, बारा प्रेषितांतही ग्रीक नावाचे दोघे होते. तरी ज्यांच्या घरच्या विधवा उपाशी राहिल्या, त्यांच्याच हाती कोठाराची किल्ली गेली असावी, हा अर्थ मला पटतो.

घोळ झाला तो एका शब्दाने. मराठी बायबलमध्ये ही सात माणसं 'प्रतिष्ठित' असावीत असं आहे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख वेगळा: ज्यांच्याविषयी लोक चांगली साक्ष देतात ते. आपल्याकडे 'प्रतिष्ठित' म्हटलं की लग्नातल्या पहिल्या रांगेतले, सत्काराला बोलावले जाणारे. त्यामुळे शेतवाडी, सरकारी नोकरी किंवा मोठं आडनाव असलेला माणूस 'वडील' (मंडळीचा कारभार पाहणारा पुढारी) म्हणून आपसूक पुढे येतो. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली कसोटी मात्र कडक आहे. अध्यक्ष (मंडळीवर देखरेख करणारा) द्रव्यलोभी नसावा, सेवकांची (मंडळीतल्या मदतनीसांची) आधी पारख व्हावी, आणि मंडळीबाहेरच्यांनीही अध्यक्षाविषयी चांगलं बोलावं. बाहेरचे म्हणजे कोण? कोणाची उधारी थकलीय, हे किराणा दुकानदाराला मंडळीच्या आधी कळतं.

पदासाठी माणूस कोणी आणि कसा निवडायचा, या प्रश्नाला इथल्या मंडळ्यांचा इतिहास आणखी एक गाठ मारतो. 1820 मध्ये लंडनच्या एका मिशनने बेळगावात काम सुरू केलं. तिच्या परंपरेत मंडळीने आपला पाळक (धर्मगुरू) स्वतः निवडायचा, हे तत्त्व. प्रत्यक्षात मिशनरी साहेब ठरवेल ते. 1904 मध्ये हे काम एका अमेरिकन मिशनकडे गेलं. तिथे पाळकाची नेमणूक आणि बदली बिशपच्या हाती. म्हणजे मंडळीची साक्ष हवी की वरून आलेलं पत्र, याचं उत्तरच पालटलं. बदलीच्या पद्धतीत फायदा आहे: कोणी गादी करून बसत नाही. पण विश्वास जमायला लागणारी वर्षंही मिळत नाहीत.

मग 1956. चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला, उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून कुठल्याही पदावर मराठी की कानडी, हे माणसाआधी मोजलं जातं. मंडळ्या त्यातून सुटल्या, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

पैशाच्या बाबतीत प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं बायबलमधलं दुसरं पत्र (अध्याय 8) जास्त उपयोगी पडतं. यरुशलेमसाठी गोळा केलेलं दान त्याने एकट्याने नेलं नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. देवासमोर चोख असणं त्याला पुरलं नाही, माणसांसमोरही चोख दिसणं त्याला हवं होतं. दानाची थैली दोघांनी मोजून दोघांनी सही करायची, या पद्धतीचं मूळ तिथेच सापडतं. दुभाषी मंडळीत त्यापुढचा प्रश्न येतो: वार्षिक सभेत तो हिशेब कोणत्या भाषेत वाचायचा?