ई-मेलवरची डिजिटल सही: वापरकर्त्याकडून सर्व्हरकडे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या करसल्लागाराकडे गेलात, तर टेबलावर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन हमखास दिसेल. रिटर्न भरताना ते लॅपटॉपला लावायचं, पिन टाकायचा, की सही झाली. त्याच ऑफिसातून अशिलाला जाणारा ई-मेल मात्र बहुधा या सहीशिवायच जातो. ‘केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ अशा मेलचं फावतं ते इथेच.

मूळ दुखणं १९८२चं आहे. जॉन पोस्टेल यांनी त्या वर्षी एसएमटीपी या ई-मेल पाठवण्याच्या नियमावलीचा मसुदा लिहिला, त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटावरचा पत्ता एक आणि आतल्या पत्राखालचं नाव भलतंच, असं ई-मेलमध्ये सहज करता येतं, आणि आपल्याला दिसतं ते आतलं नाव.

पहिला उपाय वापरकर्त्याच्या हाती दिला गेला: मेलवर स्वतः सही आणि कूटलेखन (मजकूर फक्त घेणाऱ्यालाच वाचता येईल असा करणं) करायची साधनं, १९९१मध्ये पीजीपी, पुढे एस/माइम. पण १९९९च्या एका गाजलेल्या चाचणीत १२ जणांना दीड तास देऊनही पीजीपीने नीट सही आणि कूटलेखन करणं जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमलं. भारतात १७ ऑक्टोबर २०००पासून माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला मान्यता मिळाली. ती रुजली ती सरकारी फॉर्मांपुरती. शिवाय जवळपास सगळेच मेल बिनसहीचे येत असतील, तर सही नसलेल्या मेलचा संशय कुणाला येणार? आमच्या मते ही योजना फसली ती इथे. लोकांच्या अडाणीपणाला दोष देणं अन्यायाचं आहे.

मग सहीचं काम सर्व्हरकडे गेलं. याहूने २००४मध्ये डोमेनकीज आणलं, सिस्कोच्या तशाच योजनेशी मिळून २००७मध्ये डीकेआयएम झालं. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा ठसा) काढतो, त्यासकट निवडक हेडरांवर (पाठवणारा, विषय अशा वरच्या ओळींवर) फक्त स्वतःकडे असलेल्या खासगी किल्लीने सही करतो. तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली त्या डोमेनच्या (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, टीएक्सटी (मजकुराची) नोंद म्हणून असते. घेणारा सर्व्हर ती आणून पडताळतो. वाटेत एखाद्या मेलिंग लिस्टने खाली चार ओळी जोडल्या, तरी हॅश जुळत नाही आणि सही बाद होते. किल्ली २०४८ बिटची ठेवावी. ५१२ बिटची फोडता येते.

तरीही सही एका डोमेनची आणि दिसणारं नाव दुसऱ्याचं, ही फट राहिलीच. ती २०१२मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने बुजवली: दिसणारं डोमेन सही केलेल्या किंवा एसपीएफने (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीने) तपासलेल्या डोमेनशी जुळलं पाहिजे, न जुळल्यास काय करायचं ते डोमेनमालक सांगतो. अनेक संस्था धोरण ‘नन’वर ठेवून थांबतात, म्हणजे अहवाल येतात, पण बनावट मेल अडत नाही. ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि मग ‘रिजेक्ट’ (नाकारा) इथपर्यंत जायलाच हवं. जीमेलला दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत.

भामटा मात्र बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन विकत घेतो आणि त्यावर अगदी अस्सल सही करतो. सही डोमेन सिद्ध करते, नियत नाही. म्हणून संगणकावर जीमेलमध्ये ‘टू मी’शेजारचा बाण दाबून ‘साइन्ड बाय’पुढचं डोमेन उजवीकडून वाचा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं. हे शब्द मध्ये कुठेतरी आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर ते बँकांसाठी राखलेलं डोमेन नव्हे. लिंक उघडू नका. पासबुकावरच्या नंबरावर शाखेत फोन करा.