पार्श्वभूमी : सहावी ते आठवी, व्याकरण आणि रेटरिक

अमेरिकेतल्या ख्रिस्ती क्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन शिक्षणपरंपरेवर चालणाऱ्या, शाळांचे वेळापत्रक पाहिले की सहावी ते आठवीच्या रकान्यात एक गंमत दिसते. व्याकरण संपत आलेले असते, रेटरिक (मुद्दे शोधून परिणामकारक मांडण्याची विद्या) नववीत सुरू व्हायचे असते आणि मधल्या तीन वर्षांवर ‘लॉजिक’ची, म्हणजे तर्काची, पाटी असते. ही व्यवस्था ग्रीस-रोमपासून अशीच चालत आली असावी, असे समजून पालक मान डोलावतात. तिन्ही विद्या जुन्या आहेत, हे खरेच. पण कोणती विद्या कोणत्या इयत्तेत, ही वाटणी १९४७ सालची आहे.

त्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये शिक्षणावरच्या सुट्टीतल्या अभ्यासवर्गात एका इंग्रज लेखिकेने भाषण दिले. बाईंची ओळख तोवर मुख्यतः रहस्यकथांसाठी. मुलांच्या वाढीचे तीन टप्पे त्यांनी मांडले. नऊ ते अकराचे मूल पोपट : जे ऐकेल ते आनंदाने पाठ करते. बारा-तेराचे मूल उलट उत्तरे देते, मोठ्यांना शब्दात पकडते, आणि त्याचा उपद्रव फार. चौदाच्या पुढचे मूल कविमनाचे, स्वतःतच गुरफटलेले. पोपटाला व्याकरण, भांडखोराला तर्क, कवीला रेटरिक, अशी जोडी त्यांनी लावून दिली. बालमानसशास्त्राची आपली समज रूढ नाही आणि पुढारलेलीही नाही, आतून ओळखते असे मूल म्हणजे लहानपणची मी एकटीच, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले होते. असल्या सुधारणा कोणी अमलात आणेल ही शक्यता जवळजवळ नाहीच, असेही म्हणाल्या. आज हजारो मुलांच्या इयत्ता त्याच भाषणावर बेतलेल्या आहेत.

खरा गुंता ‘व्याकरण’ या शब्दात आहे. निम्मी भांडणे त्यातून निघतात, म्हणून तिथे जरा थांबायला हवे.

ग्रीकमध्ये ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. त्यावरून झालेला शब्द आपल्या व्याकरणापेक्षा ‘अक्षरविद्या’ या शब्दाच्या जवळचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रेटरिकचा गुरू क्विंटिलियन याने रोममध्ये त्याचे दोन भाग सांगितले : शुद्ध बोलण्याचे ज्ञान आणि कवींचे विवरण. म्हणजे व्याकरणाच्या गुरुजींकडे विभक्ती शिकायच्या, कवी व्हर्जिल ओळीओळीने उलगडायचा, पुराणकथा, छंद, थोडा इतिहास, सगळे तिथेच. आपल्याकडे पंतकाव्य शिकवणारा जुना शास्त्री डोळ्यांपुढे आणा, साधारण तसे.

१९४७च्या भाषणात हा शब्द आणखी पसरला. लॅटिन व्याकरण हाच शिक्षणाचा उत्तम पाया, हे बाईंनी ठासून सांगितलेच, पण पाढे म्हणजे गणिताचे व्याकरण, सनावळ्या म्हणजे इतिहासाचे व्याकरण, अशीही मांडणी केली. प्रत्येक विषयाचा पाठांतराचा कच्चा माल म्हणजे त्याचे व्याकरण. रूपक म्हणून हे छानच. पुढे शाळांनी ते रूपक न राखता पाटीवर लिहिले. मग ‘ग्रामर स्टेज’ ही बालवाडी ते पाचवी-सहावी अशी वयाची पायरी झाली आणि नाम-क्रियापदांचे व्याकरण तिच्या पोटातला एक तास. तिसरीकडे पालकांच्या मनात व्याकरण म्हणजे स्पेलिंग आणि स्वल्पविराम. शिक्षक एक बोलतो, माहितीपत्रक दुसरे सांगते, घरी तिसरेच समजले जाते. ‘आमच्या मुलीचे व्याकरण सहावीतच पूर्ण झाले’ असे पालक म्हणतात तेव्हा त्यांना यातले नेमके कोणते अभिप्रेत आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. क्विंटिलियनच्या अर्थाने तर ते बाराव्या वर्षी ऐन रंगात आलेले असायचे.

रेटरिकचीही मराठीत अडचण आहेच. ‘वक्तृत्व’ म्हटले की ‘सन्माननीय अध्यक्ष, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ कानात वाजू लागते. इथे विषय मुद्दा शोधणे, मांडणी करणे आणि शब्द निवडणे हा आहे, आणि शाळेत तो बहुतेक कागदावरच चालतो. म्हणून रेटरिकच म्हणू.

भाषण तीसेक वर्षे नियतकालिकांतून फिरत राहिले. १९८१ साली आयडाहो राज्यातल्या एका छोट्या विद्यापीठगावात त्यावर उभी अशी ख्रिस्ती शाळा निघाली. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, तिच्या संस्थापकांपैकी एका पाद्र्याचे पुस्तक आले आणि मग शाळांचा संघ. १९९७ पासून घरी शिकणाऱ्या मुलांचे आठवड्यातून एक दिवस भरणारे वर्ग सुरू झाले, १९९९ मध्ये एका आई-मुलीने लिहिलेले जाडजूड मार्गदर्शक पुस्तक घरोघर पोचले. तिन्ही ठिकाणी टप्पे तेच. तीन विद्या, तीन वये, तीन मजले : शाळा बांधायला याहून सोपा आराखडा कोणता?

भाषेचे व्याकरण या शाळांनी टिकवले, याचे श्रेय मात्र द्यायला हवे. १८७७ साली ब्रुकलिनच्या दोन शिक्षकांनी वाक्याचा नकाशा काढण्याची पद्धत लोकप्रिय केली : आडवी रेघ, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये तिला छेदणारी उभी रेघ, विशेषणे-क्रियाविशेषणे खाली तिरक्या फांद्यांवर. पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकन मुले हे करत आली. १९६३ साली एका अहवालाने सांगितले की औपचारिक व्याकरणाचा लेखनावर परिणाम नगण्य, आणि लेखनाचा वेळ खात असल्यामुळे कदाचित अपायकारकच. १९८५ मध्ये इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुट्या व्याकरण-कवायतींविरुद्ध ठराव केला आणि सरकारी शाळांतून फांद्या गळत गेल्या. क्लासिकल शाळांत त्या अजून फळ्यावर दिसतात, सोबत लॅटिन विभक्तींची घोषणाबाजीही. घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे पाहावे की सातवीतले मूल लांबलचक वाक्य फळ्यावर उभे करते तेव्हा ते घोकत नसते, वाद घालत असते : हा शब्दसमूह कोणाला चिकटतो?

रेटरिकला नववीपर्यंत थोपवायचे का, या निर्णयावर मात्र एकमत नाही. थोपवणाऱ्यांचे म्हणणे असे की आधी मुलाजवळ सांगण्यासारखे काही हवे. विचार करता येण्याआधी बोलता येऊ लागले तर वाचाळपणा वाढतो, आणि ख्रिस्ती घरांत सत्यापेक्षा टाळ्यांची ओढ हे साधे दुखणे नव्हे.

जुन्या साक्षी याला फारशी साथ देत नाहीत. क्विंटिलियनची तर नेमकी उलटी तक्रार होती : मुले रेटरिकच्या गुरूकडे उशिरा पाठवली जातात. रेटरिकवाल्यांनी सुरुवातीचे धडे कमी प्रतीचे म्हणून सोडून दिले, ते व्याकरणवाल्यांनी उचलले, आणि मुलगा वयाने मोठा झाला तरी तिथेच अडकला. मूल कधी पाठवावे? वय मोजून नव्हे, तयारी झाली की. ऑगस्टीन ३८४ साली मिलानमध्ये रेटरिकचा सरकारी प्राध्यापक झाला, दोन वर्षांत नोकरी सोडली, पुढे बिशप झाला. म्हातारपणी त्याने लिहिले की रेटरिकचे नियम शिकायचेच तर कोवळ्या वयात आणि झटपट शिकावेत. ज्याला ते लवकर जमत नाहीत त्याला कधीच जमत नाहीत. उरलेले चांगले वाचून आणि ऐकून येते.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५९९ मध्ये निश्चित केलेल्या अभ्यासक्रमात व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्याचा, मग रेटरिकचा असा चढ होता. मधे स्वतंत्र लॉजिकचा मजला नव्हता, ते पुढे तत्त्वज्ञानात. 

रेटरिक कधी सुरू करायचे, या वादातून वाट निघाली ती जुन्या सरावमालेतून. चौथ्या शतकात अँटिओकच्या अफ्थोनियस या रेटरिकच्या शिक्षकाने चौदा लेखनसराव क्रमाने लावून ठेवले होते. सुरुवात प्राणिकथेपासून, शेवट एखाद्या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध लिहिण्यात. गेल्या काही वर्षांत त्यांची पाठ्यपुस्तके पुन्हा निघाली आणि तीच मधल्या वर्गांत आली. तिसरा सराव घ्या. त्याचे ठरावीक उदाहरण ग्रीक रेटरिक-गुरू इसोक्रेटिसचे वचन : शिक्षणाचे मूळ कडू, फळे गोड. मुलाने आधी बोलणाऱ्याची स्तुती करायची, मग ते वचन स्वतःच्या शब्दांत सांगायचे, मग कारण, विरुद्ध बाजू, उपमा, दाखला, जुन्यांची साक्ष आणि छोटा समारोप. आठ घरे. आपल्याकडच्या कल्पनाविस्ताराची आठवण यावी, फक्त हा विस्तार वाऱ्यावर सोडलेला नाही.

दुसरी एक पद्धत बारा वर्षांच्या मुलापुढे प्रश्न ठेवते : गोष्टीतल्या अमक्याने तमके करायला हवे होते का? मग तीन रकाने : होकाराचे मुद्दे, नकाराचे, आणि नुसतेच कुतूहलाचे. उलट उत्तरे देणाऱ्या वयाला हे बरोबर लागू पडते, आणि रेटरिकच्या पाच अंगांपैकी पहिले, म्हणजे मुद्दा शोधणे, सातवीत सुरू होते. तिथे लॉजिक आणि रेटरिक वेगळे कसे काढायचे, ते वेळापत्रक करणाऱ्यालाच ठाऊक.

२०१३ मध्ये चळवळीच्या आतूनच एका पुस्तकाने म्हटले की या विद्या म्हणजे कला आहेत, मुलाच्या वाढीच्या पायऱ्या नव्हेत. त्यानंतर काही शाळांनी माहितीपत्रकातले ‘स्टेज’ पुसले, पुष्कळांनी ठेवले. २०१५ साली या वर्तुळातून निघालेली महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी मान्य केली. तिच्यात व्याकरण-लेखनाचा स्वतंत्र भाग आहे आणि सातवी-आठवीसाठी धाकटी आवृत्तीही. रेटरिक नावाचा भाग नाही. आठ घरांचा तो सराव अनेक शाळांत आज सहावी-सातवीत होतो, वेळापत्रकात त्याच्या तासापुढे ‘लेखन’ एवढेच लिहिलेले असते.