कॉन्फिग फाइलमधील नोंद शोधणे (सी भाषा)

प्रोग्रामच्या बदलत्या सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘नाव = किंमत’ अशा ओळींत लिहून ठेवतात. दिलेल्या नावाची ओळ गाठून तिची किंमत काढणे म्हणजे कॉन्फिगमधील नोंद शोधणे. महापे-रबाळेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत या नावाला सरळ ‘की’ म्हणतात. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात या कामासाठी तयार फंक्शन नाही. ते ज्याचे त्याने लिहायचे.

रीत सोपी आहे. ‘एफगेट्स’ने एकेक ओळ वाचायची, टिप्पणीच्या ओळी सोडायच्या, बरोबरच्या चिन्हापाशी ओळ तोडायची, दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा छाटायच्या आणि डावा भाग ‘स्ट्रकंप’ने ताडायचा. उत्तर शून्य आले की नोंद सापडली.

समजा, ठाणे-वाशी लोकलमधल्या घोषणांसाठी फाइल केली आहे: ‘ठाणे = आवाज१’, ‘ऐरोली = आवाज२’. इथे ‘स्ट्रस्ट्र’ वापरण्याचा आळस अंगाशी येतो. ते ओळीत कुठेही ‘ठाणे’ दिसले की खूश; मग ‘ठाणे_जुने’ असो की टिप्पणीत टाकलेली ओळ. ओळ बफरपेक्षा (वाचलेली ओळ ठेवायच्या ठराविक जागेपेक्षा) लांब असेल, तर उरलेला तुकडा पुढच्या फेरीत नवी ओळ म्हणून येतो. विंडोजवर केलेली फाइल लिनक्सवर वाचली, तर किंमतीच्या टोकाला न दिसणारे कॅरेज रिटर्न (विंडोज ओळीच्या शेवटी घालते ते जादा चिन्ह) चिकटलेले असते.

मराठी नावांची गंमत वेगळीच. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे. म्हणून ‘ठाणे’ची लांबी ‘स्ट्रलेन’ १२ सांगते. हे बाइट १२७ च्या वरचे असल्याने ‘कॅर’ (सीचा एका बाइटचा प्रकार) चिन्हयुक्त, म्हणजे ऋण आकडेही धरणारा, असेल तिथे ऋण होतात, आणि ऋण आकडा ‘इझस्पेस’ला (रिकामी जागा ओळखणाऱ्या फंक्शनला) देणे नियमबाह्य आहे. लिनक्सच्या ग्लिबसीत (तिथल्या सीच्या ग्रंथालयात) ते बहुधा खपून जाते; विंडोजच्या डिबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बांधलेल्या आवृत्तीत) प्रोग्राम तिथेच अडतो. आधी ‘अनसाइन्ड कॅर’ (बिनचिन्ह प्रकार) करून घेतले की प्रश्न मिटतो.

खरा छळवाद ‘दुसऱ्या_फलाटावर’ अशा नावात. यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘स्ट्रकंप’ बाइट बघते, अक्षर नव्हे. म्हणून नोंद समोर असून सापडत नाही. अशा वेळी फाइल हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइटचा आकडा दिसेल अशी, उघडून पाहावी. नावे रोमन लिपीत ठेवून मराठी फक्त किंमतीत लिहिणे हा अनेकांनी काढलेला मार्ग आहे, आणि तो वाईट नाही.

एकच नाव दोनदा आले तर? सीचा त्याबाबत काही नियम नाही. ओपनएसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये साधारणतः पहिली किंमत धरतात, तर इतर अनेक प्रोग्राम शेवटची.