अल्पाका लोकरीचे कपडे : घरगुती धुलाई व निगा

अल्पाका हा अँडीज पर्वतात पाळला जाणारा, उंटाच्या कुळातला प्राणी. पेरू, बोलिव्हिया व चिली या देशांतल्या साधारण ३,५०० ते ५,००० मीटर उंचीच्या माळांवर त्याचे कळप चरतात. सर्वांत जास्त अल्पाका पेरूत असून तिथले आरेकिपा शहर या लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. वर्षातून एकदा लोकर कातरतात. हुआकाया जातीची लोकर फुगीर असते, तर सूरीची लांब, चकचकीत बटांची. बाजारातले बहुतेक स्वेटर आणि शाली हुआकायाच्या लोकरीच्या असतात. चिठ्ठीवरचे ‘बेबी अल्पाका’ हे शब्द वाचून पिल्लाची कीव करण्याचे कारण नाही. सुमारे २३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतूंच्या प्रतीला ते नाव आहे.

लोकर धुताना सगळे घाबरतात ते आटण्याला. ही भीती मेंढीच्या लोकरीने शिकवलेली आहे. मेंढीच्या तंतूवरचे खवले उठावदार असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात व कापड आखडून जाड होते. बुरणूस तयार होते ते याच गुणामुळे. अल्पाकाचे खवले बसके असल्याने तो हाताला मऊ लागतो आणि आटायलाही जरा वेळ घेतो, इतकेच. त्याची खरी खोड उलटी आहे. मेंढीच्या तंतूत जी नागमोडी कुरळ असते ती अल्पाकात कमी, त्यामुळे ताणलेले विणकाम आपणहून मागे येत नाही. भिजलेला स्वेटर खांद्यांना चिमटे लावून दोरीवर टाकला, तर संध्याकाळपर्यंत बाह्या बोटांच्या खाली आणि घेर मांडीपर्यंत उतरलेला असतो. आटलेला कपडा पूर्ववत होत नाही. लोंबलेला मात्र पुन्हा भिजवून आकारात बसवला तर बराच सावरतो.

इंग्रजी अमदानीत वकील आणि कारकून वापरत तो काळा ‘अल्पाकाचा कोट’ वेगळा. १८३०च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने हे केस गिरणीत कातून जे कापड लोकप्रिय केले, त्यात आडवा धागा अल्पाकाचा, तर उभा बहुधा सुताचा असे. उभा धागा सुताचा असलेला तो मागावरच्या कापडाचा कोट खुंटीला टांगलेला चालत असे. आजचा हातविणीचा स्वेटर तसा टांगता येत नाही.

मुळात हा कपडा फार धुवू नये. या लोकरीत मेंढीच्या लोकरीइतकी चरबी नसते, त्यामुळे मळ चिकटून राहत नाही. वापरून झाल्यावर झटकून सावलीत वाऱ्याला पसरला तर घामाचा वास जातो. डाग असेल तिथेच ओल्या फडक्याने टिपावे.

धुवायचाच झाला तर आधी स्वेटर जुन्या वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीने त्याची कड आखून घ्यावी. वाळवताना हा नकाशा कामी येतो. पाणी कोमट, फार तर ३० अंश सेल्सिअस, आणि खंगाळायचे पाणीही तेवढेच कोमट असावे. लोकर म्हणजे केसांसारखेच केराटिन हे प्रथिन. ते अल्कलीने झिजते, म्हणून कपडे धुण्याच्या साबणाची वडी आणि धुण्याचा सोडा वर्ज्य. डाग काढण्यासाठी ज्या पावडरींत प्रथिने पचवणारी एन्झाइम्स घातलेली असतात, त्या हळूहळू कपडाही पचवतात. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर चक्क विरघळवते.

रिठा इथे चांगला उपयोगी पडतो. आठ-दहा रिठे रात्रभर भिजवावेत, सकाळी कुस्करून पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. त्यातल्या सॅपोनिनमुळे फेस येतो आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी असते. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा साका धाग्यांवर बसतो, तसा रिठ्याचा बसत नाही. पांढऱ्या वा फिक्या कपड्यावर मात्र तपकिरी झाक येऊ शकते. तिथे लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण बरा. पेरूत कुस्कोजवळच्या चिंचेरोतल्या विणकर बायाही ‘साक्ता’ नावाचे फेसाळ मूळ किसून त्यात लोकर धुतात.

कपडा पाण्यात दाबावा, सोडावा. घासू नये, पिळू तर मुळीच नये. उचलताना दोन्ही हात खालून घालावेत, कारण एका टोकाला धरला की ओझे तिथूनच ओढ घेते. मग टर्किश टॉवेलवर पसरून सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करावी आणि वरून तळहाताने दाबावी. टॉवेल ओलाचिंब होतो, दुसरा घ्यावा. नंतर वर्तमानपत्रावरच्या रेघांशी ताडून आकार द्यावा आणि विणलेल्या खाटेवर किंवा जाळीवर, खालूनही वारा लागेल असा, सावलीत आडवा वाळवावा. पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि कुबट वास धरतो, म्हणून धुणे आधीच उरकलेले बरे. खळीची गरज नाही. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात ती ताठपणासाठी, इथे तर मऊपणाचेच पैसे मोजलेले असतात. काखेत आणि कोपरांशी येणारे गोळे ओढू नयेत, छोट्या कात्रीने छाटावेत.

महाराष्ट्रात असा कपडा वर्षातले दहा-अकरा महिने कपाटातच असतो, तेव्हा धुण्याइतकीच साठवण महत्त्वाची. कसर नावाच्या पतंगाच्या अळ्या केराटिन खातात आणि घामाचा वा अन्नाचा डाग असलेली जागा आधी धरतात. म्हणून न धुतलेला स्वेटर ठेवू नये, आणि हँगरला न अडकवता घडी घालून ठेवावा. डांबराच्या गोळ्यांचा वास पुढे महिनाभर जात नाही. अळीची शंका आली तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, आठवडाभर ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीइतकी गरम झाली की मगच सोडावी, नाहीतर हवेतले बाष्प थंड लोकरीवर जमून कपडा पुन्हा ओला होतो.