बुडाली ती टायटॅनिक नव्हतीच?

‘टायटॅनिक कधी बुडालीच नाही. विम्याच्या पैशांसाठी तिची मोडकी बहीण ऑलिम्पिक नाव बदलून बुडवली.’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. तो वाचून शंका येणं साहजिक आहे, कारण जहाजं खरोखरच जुळी दिसायची आणि सप्टेंबर १९११ मध्ये ऑलिम्पिकची एका युद्धनौकेशी टक्कर झाली, हेही खरं.

आता आधी पैशांचं बघू. टायटॅनिक बांधायला साधारण १५ लाख पौंड लागले, विमा होता १० लाखांचा. म्हणजे जहाज बुडवून पाच लाखांचा खड्डाच. शिवाय ऑलिम्पिक भंगारात काढण्याइतकी मोडली नव्हती. बेलफास्टच्या गोदीत दुरुस्त होऊन ती त्याच वर्षी नोव्हेंबरात परत फेऱ्यांना लागली. पुढे महायुद्धात सैनिक वाहिले, १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीला धडक देऊन ती बुडवली आणि १९३५ पर्यंत चालली.

‘पण हीच तर खरी टायटॅनिक!’ असं कुणी म्हणेल. त्यासाठी समुद्रतळाशी जावं लागतं. ऑलिम्पिकचा बांधणी क्रमांक ४००, टायटॅनिकचा ४०१. जवळपास ३,८०० मीटर खोल पडलेल्या सांगाड्याच्या पंख्याच्या (जहाज पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या) पात्यावर ४०१ कोरलेलं दिसतं; फोटो सहज सापडतो. पातं सुटं असतं, बदलता येतं, हे मान्य. म्हणून मला आकड्यापेक्षा विम्याचा हिशेब जास्त पटतो.